केळणेचा उतार कोणी शोधला?

जालना जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनी इतिहास-भूगोलाचे प्रकल्प विकिपीडियावरून उतरवू नयेत, असे म्हटले की एक ठरलेले उत्तर मिळते. शिक्षकांच्या बैठकीत मिळते, पालकांकडून मिळते, आणि शिक्षणावर लिहिणाऱ्या शहरी मंडळींकडून तर हमखास. उत्तर असे: पुण्या-मुंबईच्या पोरांकडे ग्रंथालये आहेत, शिकवण्या आहेत, इंग्रजी येणारे आईबाप आहेत. मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या पोराकडे फक्त वडिलांचा मोबाइल आहे. त्या मोबाइलमधला फुकटचा ज्ञानकोश त्याला पुण्याच्या पोराच्या बरोबरीला आणतो, आणि तुम्ही तोच हिसकावून घ्यायला निघालात.

ऐकायला हे न्यायाचे वाटते. मला ते साफ चुकीचे वाटते, आणि मीही घनसावंगीच्या पोराच्या बाजूनेच बोलतो आहे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याला ऑनलाइन कोशातली चूक फारशी बाधत नाही. ती पकडणारा कोणीतरी घरात असतो. ज्याच्याकडे तेवढे एकच साधन आहे त्याला ती चूक, ती उणीव, तो एकांगीपणा जसाच्या तसा गिळावा लागतो. एकुलते एक साधन आहे म्हणून ते चांगले, हे कोणते तर्कशास्त्र?

पण चुकांचा मुद्दा मी नंतर घेतो, कारण तो दुय्यम आहे. आधी असईकडे जाऊ.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत त्याने नेपोलियनला हरवले. म्हातारपणी त्याला विचारले की, रणांगणावर तुमच्या हातून झालेले सर्वांत चांगले काम कोणते, तर त्याने वॉटर्लू सोडून असईचे नाव घेतले, असे सांगतात. भारतीय सैन्याच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आजही जो हत्ती आहे, तो असईचा. आणि ही सगळी हकिगत आपल्या जिल्ह्यातली आहे. लढाईच्या दोन दिवस आधी वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची मसलत झाली ती बदनापुरात. दोघांनी दोन वाटांनी जायचे आणि २४ तारखेला भोकरदनकडे मराठ्यांवर तुटून पडायचे, असा बेत होता. २३ लाच वेलस्लीला कळले की शिंद्यांची पायदळ पलटणे आणि तोफा अगदी जवळ, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उभ्या आहेत. स्टीव्हन्सनची वाट न पाहता तो पुढे सरकला.

या लढाईवर मुलांनी केलेले प्रकल्प मी गठ्ठ्याने तपासले आहेत. झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली रंगीत प्रिंट, त्यावर लाल कोटातला वेलस्ली, खाली दोन्ही बाजूंचे सैन्यबळ, मृतांचे आकडे, ‘परिणाम’ नावाचा चार ओळींचा परिच्छेद, प्लॅस्टिकची फाइल. मजकूर इंग्रजी पानावरून भाषांतराचे बटण दाबून आणलेला, त्यामुळे केळणा नदी ‘कैलना’ होऊन आलेली. जिच्या पुरात घरातली म्हैस वाहून गेली, ती नदी पोराला कागदावर ओळखू येत नाही. आणि या फाइलला आम्ही दहापैकी नऊ देतो, कारण फाइल स्वच्छ असते.

आता त्या लढाईतली सर्वांत गाजलेली गोष्ट पाहा. मराठ्यांनी केळणेचा सरळ उतार तोफांच्या माऱ्याखाली धरला होता. वेलस्लीला दुसरीकडून नदी ओलांडायची होती. बरोबरच्या वाटाड्यांनी सांगितले की, खाली दुसरा उतार नाही. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरुड. त्याने ताडले की समोरासमोर वसलेल्या गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, आणि असलीच तर तिथे नदीला उतार असणारच. उतार होता. फौज पार झाली, मराठ्यांच्या बगलेवर गेली, आणि वेलस्लीची ही अक्कल युरोपभर वाखाणली गेली. दोनशे वर्षे ही गोष्ट अशीच सांगितली जाते, आणि ती मुळात सांगितली आहे वेलस्लीने.

केळणेच्या काठच्या मुलाने यावर काय विचारावे? पहिला प्रश्न तोच की, वाटाड्यांना उतार खरोखर ठाऊक नव्हता का? ज्या वाटेने बाजारहाट होतो, सोयरीक होते, गुरे जातात, ती वाट त्या मुलखातल्या माणसाला माहीत नसेल? की माहीत असूनही परक्या फौजेला सांगायची नव्हती? की ते वाटाडे लांबचे होते? दुसरा प्रश्न, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केळणेला पाणी किती असते? हे काठच्या पोराइतके लंडनच्या इतिहासकाराला ठाऊक नाही. तिसरा, मराठ्यांनी तो उतार मोकळा का सोडला? तोफखान्याची आणि पलटणांची सूत्रे हॅनोवरच्या अँथनी पोलमान या भाडोत्री अधिकाऱ्याकडे होती. त्याला या नदीची माहिती कोणी दिली असेल, की दिलीच नसेल? या प्रश्नांची पक्की उत्तरे कदाचित कधीच मिळणार नाहीत. पण हे प्रश्न पडणे म्हणजेच इतिहास शिकणे, आणि ते पडायला पिंपळगावच्या काठावर उभे राहावे लागते. कोशातल्या पानावर हे प्रश्न नसतात, तिथे वेलस्लीची हुशारी असते.

आकड्यांचेही तसेच. इंग्रजांच्या बाजूचे ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. मराठ्यांच्या बाजूचे अंदाजे ६०००, ठार आणि जखमी मिळून. एका रकान्यात शेवटचा माणूस मोजलेला आणि दुसऱ्यात शून्यांची रांग. मुलगा दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहितो आणि पुढे जातो. त्याला कोणी थांबवून विचारत नाही की, बाबा रे, ही एका बाजूची मोजदाद आहे आणि दुसऱ्या बाजूचा अंदाज, आणि दोन्ही एकाच बाजूने लिहिले आहे. जिंकणाऱ्याने आपल्या माणसांची हजेरी घेतली, हरणाऱ्याची कोणी घेतली नाही. ऑनलाइन कोशाने इथे खोटे काही सांगितलेले नाही, हे मी मान्य करतो. त्याने जे छापून आलेले आहे तेच मांडले, आणि छापून आलेले बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांतून आलेले आहे.

इथे मूळ मुद्दा येतो. विकिपीडियाचा एक पायाभूत नियम आहे: मूळ संशोधन चालणार नाही. जे आधी कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी छापून आले आहे तेवढेच घ्यायचे. स्वतः पाहिले, मोजले, विचारले, ते घ्यायचे नाही. कोशासाठी हा नियम योग्यच आहे. कोणीही येऊन काहीही लिहू शकतो अशा ठिकाणी तो नसता तर अनागोंदी झाली असती. पण शाळेतल्या प्रकल्पाचे काय? २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आकारिक मूल्यमापनात प्रकल्प आणि उपक्रम आले, ते मुलाने स्वतः पाहावे, मोजावे, विचारावे म्हणून. म्हणजे कोशात जे निषिद्ध, नेमके तेच प्रकल्पात अपेक्षित. आपण मुलाला स्वतः शोधायला सांगतो आणि पाठवतो अशा जागी जिथे स्वतः शोधलेले काहीच नसते, असूच शकत नाही. यात कोशाचा दोष नाही. दोष त्याच्याकडे पाठवणाऱ्याचा.

यावर हुशार मंडळी म्हणतात, मग मुलांनाच मराठी विकिपीडियावर लिहायला लावा. मोठ्यांनी जरूर लिहावे. मुलांनी केळणेच्या उताराचा फोटो काढून चढवावा, त्याला कोणाची हरकत नाही. पण असईच्या म्हाताऱ्याने सांगितलेली आठवण, शेत नांगरताना सापडलेल्या गोळ्याची हकिगत, दोन गावांमधल्या जुन्या वाटेचा हाताने काढलेला नकाशा, हे तिथे टिकणार नाही. नियमाप्रमाणे ते काढून टाकले जाईल, आणि काढणारा नियमाला धरूनच काढेल. मुलाच्या वहीत मात्र तेच सोने आहे.

‘माझे गाव’ हा प्रकल्प तर याहून केविलवाणा. मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातल्या हजारो गावांची पाने एका साच्यातून काढलेली आहेत. गावाचे नाव, तालुका, जिल्हा, मग मथळे: हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. बऱ्याच पानांवर मथळ्यांखाली काही नाही, आणि हवामानाचा मजकूर भोकरदनचा काढून परतूरला लावला तरी कोणाला फरक कळणार नाही. ज्यांनी ती पाने तयार केली त्यांनी पुढे कोणीतरी भरील या आशेने केली असतील, मला त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण त्या पानावरून स्वतःच्या गावाची माहिती उतरवणाऱ्या मुलीचे काय? तिच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या आजीला विहीर कोणत्या दुष्काळात खोदली ते तोंडपाठ असते. मुलगी आजीला ओलांडून मोबाइल घ्यायला जाते. मग तिच्या वहीत ‘लोकजीवन’ या मथळ्याखाली कोरी जागा येते, किंवा गावात लोक गुण्यागोविंदाने राहतात असे एक वाक्य. ते वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाबद्दल लिहिता येते आणि कुठल्याच गावाबद्दल खरे नसते.

आता चुका. विरोधी बाजूचे हुकमी पान म्हणजे २००५ चा ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातला अभ्यास. विज्ञानाच्या ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, तर एका नोंदीमागे विकिपीडियात सुमारे ४ चुका आणि ब्रिटानिकात सुमारे ३. म्हणजे दोन्ही उन्नीस-बीस. ब्रिटानिकाने त्या अभ्यासावर आक्षेप घेतला, तो वाद सोडून देऊ. पण मुलांच्या बाजूने हा अभ्यास पुढे करणारे एक गोष्ट गाळतात: तो इंग्रजी विकिपीडियाचा होता आणि विज्ञानाच्या नोंदींचा होता. हजारो जाणकारांची नजर ज्यांच्यावरून रोज फिरते अशा पानांचा निष्कर्ष, मोजके संपादक सांभाळत असलेल्या भाषेतल्या तालुक्याच्या पानाला लावता येत नाही. लहान कोशाचे काय होऊ शकते ते ऑगस्ट २०२० मध्ये जगाने पाहिले. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरचे वीस हजारांहून अधिक लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते, आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. तो इंग्रजी मजकूर घ्यायचा, शब्द इकडेतिकडे वाकवायचा आणि चढवायचा. कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण पाहणारेच थोडे होते. मराठीची स्थिती तितकी वाईट नक्कीच नाही. मराठी विकिपीडियावर मनापासून काम करणारी माणसे आहेत. पण पहारा विरळ असेल तिथे चूक किती काळ राहू शकते, हे त्यातून कळते.

पाठ्यपुस्तकातही चुका असतात की, असा प्रतिप्रश्न लगेच येतो. असतात. पण पाठ्यपुस्तकाला मंडळ आहे, लेखकांची नावे आहेत, चूक निघाली की कोणाला धरायचे ते ठाऊक आहे. वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. तोही आता ऑनलाइन आणि फुकट आहे, आणि तोही आंधळेपणाने वापरला तर फसवतो: त्याचा पहिला खंड १९७६ चा, आणि ‘ज’ अक्षराचा खंड जालना जिल्हा व्हायच्या आधी छापलेला. जिल्हा झाला १ मे १९८१ ला, तेव्हाच्या औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतले तालुके काढून. म्हणून जालन्याचा जुना इतिहास शोधायचा तर औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर उघडावे लागते. हे मुलाला कोण सांगणार? शोधपट्टी सांगत नाही. तिथे ‘जालना’ टाकले की जालना येते, औरंगाबादच्या पोटात लपलेले जालना येत नाही.

तळटीपा तपासायला शिकवा, हा सल्ला मला सर्वांत जास्त चिडवतो. सल्ला चूक नाही, पण देणाऱ्याने कधी परतूरच्या सातवीच्या वर्गात उभे राहून पाहिलेले नसते. तळटीपा इंग्रजी पुस्तकांच्या, ती पुस्तके जिल्ह्यात नाहीत, असली तर मुलाला वाचता येत नाहीत. ज्या शिक्षकाने शिकवायचे त्याच्यामागे मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे. तळटीप तपासण्यापेक्षा शेजारच्या गावी जाऊन म्हाताऱ्याला विचारणे सोपे, स्वस्त, आणि त्यात मूल काही शिकते तरी.

आता ‘ग्रंथालय नाही म्हणून मोबाइल’ या दाव्याचे पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे की, प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टीच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांची पुस्तके हवीत. हा मुलाचा हक्क आहे. तो बंद कपाटात कुलपाखाली असेल तर कुलूप उघडायला लावा, कपाटच नसेल तर मागा. फुकट कोश मिळाला म्हणून समाधान मानणारे लोक नकळत सरकारचेच काम सोपे करतात. ‘काय करायचे ग्रंथालय, मोबाइल आहे ना’ हे वाक्य अधिकाऱ्याच्या तोंडी शोभते, शिक्षकाच्या तोंडी नाही.

दुसऱ्या टोकाची मंडळीही मला जवळची नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर छत्रपती संभाजी महाराजांवरच्या विकिपीडियातल्या मजकुरावरून गदारोळ झाला आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मजकूर हटवण्यासाठी सायबर पोलिसांना पाठपुरावा करायला सांगितले. चर्चा सगळी मजकूर ठेवायचा की काढायचा यावर. आमच्या मुलांना महाराजांबद्दल वाचायला त्या एका पानाखेरीज काय दिले आहे, हे कोणी विचारले नाही. कोशाला डोक्यावर घेणारे आणि कोशावर पोलीस पाठवणारे, दोघांची श्रद्धा एकच: त्या पानावर जे आहे तेच शेवटचे. ज्या पोराने आयुष्यात एकदा तरी स्वतः माहिती गोळा केली आहे, त्याला एका पानाचे इतके भय वाटत नाही आणि इतकी भुरळही पडत नाही.

इतिहास सोडा, पाणी घ्या. २०२० पासून नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने काय भोगले ते सांगायला नको. घाणेवाडीच्या निजामकाळातल्या तलावावर जगलेले, पुढे जायकवाडीच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेले हे शहर. आणि इथल्या मुलांच्या जलसुरक्षेच्या वह्यांत ‘पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याने व्यापला आहे’ हे पहिले वाक्य. जालना तालुक्यात कडवंची नावाचे गाव आहे. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले. पुढे गावाने शेततळी खोदली, द्राक्षे लावली, आणि दुष्काळातही बागा टिकवल्या. राज्यभरातून लोक ते पाहायला येतात. जालन्याच्या शाळेतली सहल मात्र वॉटर पार्कला जाते, आणि पाणलोटाची व्याख्या नेटवरून येते. कडवंचीच्या शेतकऱ्याला विचारण्याजोगे कितीतरी आहे: बांध घालताना शेजाऱ्याशी भांडण झाले का, पहिल्या वर्षी विहिरीला किती हात पाणी वाढले, शेततळ्याचा कागद किती वर्षे टिकतो, द्राक्षाला पाणी लागते मग पाणी वाचले कसे? शेवटचा प्रश्न तर मोठमोठ्या तज्ज्ञांनाही अडचणीत टाकेल. तो दहावीची पोरगी सहज विचारू शकते, तिला फक्त तिथपर्यंत नेले पाहिजे.

कोश वापरायचाच नाही, असे मी म्हणत नाही. वॉटर्लू कुठे आहे, हॅनोवर काय आहे, वेलस्ली कधी मेला, यासाठी तो उत्तम आहे. घरी येऊन शेवटी उघडावा, आधी उघडू नये. आपण पाहिलेले आणि त्याने लिहिलेले जुळते का ते पाहायला उघडावा. आता तर मुले कोशही उघडत नाहीत. शोधयंत्राच्या वरच्या चौकटीत यंत्राने जुळवून दिलेला सारांश येतो, तोच वहीत उतरतो. त्यामुळे कोणता कोश बरा हा वाद लवकरच जुना होईल. मूल शाळेबाहेर जाऊन कोणाला काही विचारते की नाही, एवढाच प्रश्न उरेल.

जिल्ह्यातल्या शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना म्हणून एकच विनंती आहे. या वर्षी प्रकल्पाचे गुण देताना नियम करा: पहिल्या पानावर मूल ज्या ठिकाणी गेले त्याचे नाव, ज्याला विचारले त्या माणसाचे नाव, आणि उत्तर न मिळालेला एक तरी प्रश्न. हे तीन नसतील तर फाइल कितीही रंगीत असो, गुण शून्य. हाताने लिहिलेली, खाडाखोड असलेली, एका बाजूने शाई पसरलेली वही आली तर ती आधी वाचा. आणि भोकरदन-जाफराबादकडच्या शाळांनी २३ सप्टेंबरला वर्ग घेऊन केळणेच्या काठी जावे, त्या उताराला पाणी किती आहे ते मुलांना काठीने मोजू द्यावे.